सुरगाठ की निरगाठ? विचारा गणिताला!

गोठ्यात दावं बांधायला गेलं की आजोबांची हाक ठरलेली, “सुरगाठ मार रे, निरगाठ नको!” सुरगाठ एका झटक्यात सुटते, निरगाठीला दात लावावे लागतात.

आता एक प्रयोग करा. दोन सुतळ्या घ्या. एकीला सुरगाठ मारा, दुसरीला एका वेढ्याची साधी निरगाठ. मग प्रत्येक सुतळीची दोन्ही टोकं चिकटवून टाका. सुरगाठीचा फास मागं ओढला की साधं गोल कडं उरतं. म्हणजे गणिताच्या हिशेबानं ती गाठ नव्हतीच! निरगाठ मात्र काही केल्या सुटत नाही. तिचं नाव ‘ट्रेफॉइल’.

पण सुटत नाही, हे सिद्ध कसं करायचं? तासभर झटूनही गुंता सुटला नाही, तर गाठ पक्की की आपणच कच्चे?

इथं गणितवाले कात्री काढतात, तीही कागदावर. गाठीचं चित्र काढायचं. दोरीवरून दोरी जाते ते क्रॉसिंग कापायचं आणि सुटलेली चार टोकं दोन प्रकारे जोडायची, आडवी किंवा उभी. एका क्रॉसिंगची दोन चित्रं, दोनची चार. ट्रेफॉइलला तीन क्रॉसिंग, म्हणजे आठ चित्रं. प्रत्येकात फक्त सुटी कडी उरतात. ती मोजायची, ठरलेल्या नियमानं बेरीज करायची, दोरीच्या पिळाची दुरुस्ती करायची. हाती येतं एक पॉलिनॉमियल. गाठ कशीही ओढा, ते बदलत नाही. दोन गाठींची उत्तरं वेगळी आली, तर गाठी वेगळ्याच. विषय संपला!

हे पॉलिनॉमियल व्हॉन जोन्स यांना १९८४ मध्ये सापडलं. १९९० मध्ये त्यांना फील्ड्स मेडल मिळालं. कापाजोडीची ही सोपी रीत लुई कॉफमन यांची.

पण उत्तर सारखंच आलं तर? खरी मजा इथं आहे. ट्रेफॉइल आणि तिचं आरशातलं रूप वेगळं आहे, हे जोन्सचं पॉलिनॉमियल पकडतं. मात्र दहा क्रॉसिंगपर्यंतच्या गाठींत दोन गाठी अशा निघाल्या, की त्यांच्यापुढं जोन्सचंच नव्हे, तर त्याहून ताकदवान पॉलिनॉमियलंही फसली. गाठ आणि तिचं आरशातलं रूप वेगळं, तरी उत्तर एकच!

१९९४ मध्ये हा फरक पकडून दाखवला पी. रमादेवी, टी. आर. गोविंदराजन आणि आर. के. कौल या भारतीय भौतिकशास्त्रज्ञांनी. हत्यार होतं भौतिकशास्त्रातलं, चर्न-सायमन्स थिअरी. रमादेवी पुढं पवईच्या आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाल्या.

सगळं सुटलंय असं नाही. साध्या कड्याचं जोन्स पॉलिनॉमियल १ येतं. एखाद्या खऱ्या गाठीचंही १ येऊ शकतं का? अजून कुणालाच माहीत नाही. मॅथ्स म्हटलं की पोटात गोळा येणाऱ्यांनीही वहीचं मागचं पान काढावं आणि ट्रेफॉइलची आठ चित्रं काढून बघावीत. गाठ सुटणार नाही, भीती कदाचित सुटेल.