मुलाखतीतला नकार

गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. मी पुण्यात बरीच वर्षं संगणकशास्त्र शिकवते. नोकरी लागली की मुलं पेढे घेऊन येतात. हा रिकाम्या हाताने आला होता. एका मोठ्या कंपनीत त्याच्या पाच मुलाखती झाल्या आणि तीन आठवड्यांनी दोन ओळींची ई-मेल आली, ‘आपली निवड होऊ शकली नाही.’ कारण काहीच नाही. पूर्वी मुलगी बघून गेल्यावर ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप यायचा, तसंच हे.

‘‘मॅडम, मी या क्षेत्रात चुकून आलो का हो?’’ त्याने विचारलं. समोरचा चहा निवून गेला होता.

त्याला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगते. कारण हा प्रश्न आता घरोघरी आहे, आणि मुलाखतीच्या खोलीत नेमकं काय चालतं हे आईवडिलांना ठाऊक नसतं.

उदाहरण गूगलचं घेऊ. तिथल्या पद्धतीबद्दल कंपनीच्याच माणसांनी बरंच जाहीर बोलून ठेवलं आहे. एके काळी तिथे कोड्यांची मोठी हौस होती. २००४ साली कॅलिफोर्नियात महामार्गालगत एक फलक लागला. ‘ई’ या गणिती संख्येच्या अंकांत सलग येणारी पहिली दहा अंकी मूळ संख्या शोधा, एवढंच त्यावर होतं. कंपनीचं नावही नव्हतं. उत्तर होतं ७४२७४६६३९१. त्या आकड्याच्या संकेतस्थळावर गेलं की पुढचं कोडं, आणि ते सुटलं की नोकरीसाठी अर्जाचं निमंत्रण! विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील, असे प्रश्नही मुलाखतीत विचारले जात. पण २०१३ साली मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लाझ्लो बॉक यांनीच कबूल केलं, की अशा कोड्यांवरून उमेदवार पुढे काम कसं करील हे मुळीच कळत नाही. प्रश्न विचारणाऱ्याला आपण हुशार असल्याचं समाधान मिळतं, इतकंच.

म्हणजे, मुलाखत घेणारेही चुकत होते, आणि अनुभवातून शिकत होते. पूर्वी एकेका उमेदवाराच्या दहा-बारा मुलाखतीही होत. चारनंतर अंदाजात फारशी भर पडत नाही, असं कंपनीला स्वतःचीच आकडेवारी तपासल्यावर आढळलं.

आता निर्णय कसा होतो ते पाहा. तिथल्या प्रचलित पद्धतीत मुलाखत घेणारा एकटा निवड करीत नाही. तो टिपणं लिहितो, गुण देतो. ती सगळी कागदपत्रं एका समितीपुढे जातात, आणि समितीतल्या बहुतेकांनी उमेदवाराला पाहिलेलंही नसतं. या सगळ्यामागे एक हिशोब असतो : चांगला माणूस हातचा गेला तरी चालेल, पण चुकीचा माणूस आत यायला नको. अशा चाळणीतून काही चांगले दाणेही खाली पडणारच.

मॅक संगणकावर सॉफ्टवेअर बसवण्यासाठी ‘होमब्रू’ नावाचं एक लोकप्रिय साधन आहे. ते लिहिणाऱ्या मॅक्स हॉवेल यांना गूगलने नाकारलं. ‘तुमचे बहुतेक अभियंते माझं सॉफ्टवेअर वापरतात, पण फळ्यावर पाठ्यपुस्तकातला एक प्रश्न सुटला नाही म्हणून मला नकार,’ अशा आशयाचा संताप त्यांनी २०१५ साली ट्विटरवर व्यक्त केला होता.

मग करायचं काय? मी त्या मुलाला पाचही फेऱ्या कागदावर लिहून काढायला सांगितल्या. चार बऱ्या गेल्या होत्या. पाचवीत तो वीस मिनिटं गप्प बसून होता. ‘‘मनातल्या मनात सोडवत होतो,’’ तो म्हणाला. उत्तर शेवटी आलंही. पण त्या वीस मिनिटांचं टिपण समोरच्याने काय लिहायचं? बोललेलं तेवढंच कागदावर जातं. म्हणून प्रश्न नीट कळला का, हे आधी विचारून घ्या. सुचेल ते मोठ्याने मांडा. साधी, वेळखाऊ रीत आधी सांगा, मग ती सुधारा. अडलात तर ‘इथे अडलोय’ म्हणा.

आपल्या मुलांना हे जड जातं, आणि त्यात आम्हा शिक्षकांचाही दोष आहे. वर्गात ‘बडबड नको, उत्तर सांग’ असं मीच किती वर्षं म्हणत आले!

करोनाच्या काळात या मुलाखती पडद्यावर गेल्या. आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चोरून उत्तरं घेणारेही निघाले. म्हणून किमान एक फेरी समोरासमोर घेण्याचं सुंदर पिचाई यांनी २०२५ साली सांगितलं. म्हणजे तोंडाने विचार मांडता येणं पुढेही लागणारच.

तो मुलगा सध्या जुन्याच नोकरीत आहे. रोज रात्री धाकट्या बहिणीला समोर बसवून एक गणित मोठ्याने सोडवतो. तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण दादा गप्प बसला की ती टेबल वाजवते. पुढच्या महिन्यात त्याची दुसरीकडे मुलाखत आहे. पेढे येतील की नाही, ठाऊक नाही. मात्र आपण या क्षेत्रात चुकून आलो का, हे त्याने पुन्हा विचारलेलं नाही.