पॉइंट खात्यात, आई-बाबा मागच्या सीटवर

होळी झाली की आपल्या मंडळात परदेशवारीची बोलणी सुरू होतात. कुणाच्या लेकीकडे न्यू जर्सीला बारसं असतं, कुणाचा मुलगा सिडनीला घर घेतो. बडोद्याच्या मराठी घरांपैकी ज्यांचं एकही मूल बाहेर नाही अशी घरं आता बोटांवर मोजावी लागतील. आणि दरवर्षी एक प्रश्न आमच्याकडे हमखास येतो: "मुलाने तिकीट पाठवलंय. मागच्या दोन-तीन वाऱ्यांचे पॉइंट खात्यात पडून आहेत. ते वापरून पुढच्या वर्गात, पाय पसरून बसता येईल का?"

बहुतेक वेळा आम्हाला "आता अवघड आहे" असंच सांगावं लागतं. पॉइंट कमी असतात म्हणून नव्हे. प्रश्न तिकीट निघाल्यानंतर आलेला असतो म्हणून. वर्ग वाढवून मिळणार की नाही हे विमानतळावर ठरत नाही, तिकीट काढतानाच बरंचसं ठरून जातं. म्हणून यंदा हे थोडं सविस्तर लिहितो आहोत.

ही पॉइंटांची पद्धत जुनी आहे. अमेरिकन एअरलाइन्सने 1981 मध्ये आपली योजना काढली आणि मग सगळ्यांनीच तो मार्ग धरला. एअर इंडियाची योजना पूर्वी 'फ्लाइंग रिटर्न्स' नावाने होती, आता तिला 'महाराजा क्लब' म्हणतात. (बडोद्यात महाराजा म्हटलं की आधी सयाजीरावच आठवतात, पण इथे तो मिशाळ पगडीवाला समजायचा.) एमिरेट्सचे स्कायवर्ड्स, सिंगापूरचे क्रिसफ्लायर, ब्रिटिश एअरवेज आणि कतारचे एव्हिऑस ही सगळी त्याच जातीची नाणी. प्रत्येकाचं नाणं वेगळं आणि चालण्याचा बाजारही वेगळा.

आता मुख्य गोष्ट. साध्या वर्गाचं, म्हणजे इकॉनॉमीचं तिकीट हे एकाच प्रकारचं नसतं. शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळं भाडं भरलेलं असतं, आणि प्रत्येक भाड्याला इंग्रजी मुळाक्षरांपैकी एक अक्षर दिलेलं असतं. पॉइंट देऊन वर्ग वाढवायची मुभा आहे की नाही, हे बऱ्याच कंपन्यांत त्या अक्षरावर किंवा भाड्याच्या नावावर असतं. उदाहरणार्थ, ब्रिटिश एअरवेजची इकॉनॉमीतली क्यू, ओ आणि जी या अक्षरांची तिकिटं एव्हिऑस वापरून वर नेता येत नाहीत. सिंगापूर एअरलाइन्सचं 'इकॉनॉमी लाइट' तिकीटही तसंच. ही सगळी स्वस्तातली तिकिटं. आणि मुलं तिकीट काढतात ती रात्री बसून, चार साइट पाहून, सगळ्यात स्वस्त असेल ते. त्यात त्यांचं काही चुकत नाही. फक्त त्याच क्षणी आईबाबांचे साठवलेले पॉइंट त्या प्रवासापुरते निरुपयोगी होतात आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

मग महागातलं तिकीट घ्यावं का? दरवेळी नाही. समजा, स्वस्त तिकीट 1,10,000 रुपयांना आहे आणि वर्ग वाढवता येईल असं 1,35,000 ला. म्हणजे पॉइंट वापरण्याच्या नुसत्या परवानगीसाठी 25,000 जास्त गेले. वर पॉइंट द्यायचे आणि काही ठिकाणी कर व शुल्काचा फरकही भरायचा. एवढं करून पुढच्या वर्गात जागा मिळेलच असं नाही, कारण पॉइंटवाल्यांसाठी कंपनी मोजक्याच जागा सोडते. अर्ज प्रतीक्षायादीत पडतो आणि कधीकधी अगदी उड्डाणापर्यंत लोंबकळतो. म्हणून तिकीट काढण्याआधी कंपनीला फोन करून "या तारखेला पॉइंटांवर जागा आत्ता उपलब्ध आहे का" हे विचारावं. आहे म्हणाले तर तिकीट आणि अपग्रेड एकाच बैठकीत उरकावं. नाही म्हणाले तर स्वस्त तिकीट घ्यावं आणि नंतर कंपनीची 'बोली लावा' अशी ईमेल आली तर रोख बोलीचा विचार करावा.

दुसरी एक युक्ती आपल्याकडच्या लोकांना विशेष उपयोगी आहे. आपण बहुधा अहमदाबाद किंवा मुंबईहून निघतो आणि आखातात विमान बदलतो. अहमदाबाद ते दुबई साधारण तीन तास, दुबई ते न्यूयॉर्क साधारण चौदा तास. पुष्कळ कंपन्यांत एका टप्प्यापुरताच वर्ग वाढवता येतो. तेव्हा पॉइंट लांबच्या टप्प्यासाठी ठेवावेत. दुबईपर्यंतचं अंतर म्हणजे बडोदा-मुंबई रेल्वेप्रवासापेक्षाही कमी वेळ, तेवढं साध्या सीटवर निभतं.

भागीदार कंपन्यांचा घोळ मात्र नीट समजून घ्या. एअर इंडिया 2014 पासून स्टार अलायन्समध्ये आहे. त्यामुळे युनायटेड किंवा लुफ्तान्साने गेलात तरी पॉइंट एअर इंडियाच्या खात्यात जमा करता येतात. जमा होणं सोपं. पण एका कंपनीचे पॉइंट देऊन दुसऱ्या कंपनीच्या विमानात वर्ग वाढवायचा तर सहसा जवळपास पूर्ण भाड्याचं तिकीट लागतं, आणि ते आपल्यापैकी कुणी घेत नाही. म्हणजे ज्या कंपनीच्या विमानाने वारंवार जाणार, तिचेच पॉइंट साठवणं शहाणपणाचं. तिकिटावर नंबर एका कंपनीचा आणि विमान दुसरीचं असंही असतं. 'ऑपरेटेड बाय' या शब्दांपुढे काय लिहिलंय ते वाचावं.

आता नावांविषयी, कारण आमच्या अनुभवात सगळ्यात जास्त पॉइंट इथे बुडतात. आपली पद्धत अशी की स्वतःचं नाव, मग वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव. पासपोर्टवर मात्र रकाने दोनच. पहिल्या दोन नावांची जोडी एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. मुलगी अमेरिकेतून आईचं खातं उघडते तेव्हा नुसतं आईचं नाव आणि आडनाव लिहिते. तिकिटावर दोन्ही नावं एकमेकांना चिकटून छापली जातात. खातं आणि तिकीट जुळत नाही, पॉइंट येत नाहीत. कुणाच्या खात्यावर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर सासरचं. एका काकूंची तर एकाच कंपनीत दोन खाती निघाली, एक मुलाने उघडलेलं, दुसरं जावयाने. दोन्हीत थोडे थोडे पॉइंट, कुठल्याचेच पुरेसे नाहीत. ती एकत्र करून घ्यायला दीड महिना आणि बरीच ईमेल गेली.

तेव्हा खातं पासपोर्ट समोर ठेवूनच उघडा आणि दोन्ही रकाने जसेच्या तसे भरा. ईमेल असा द्या जो पाच वर्षांनीही चालू असेल. मुलाच्या कॉलेजचा ईमेल आणि त्याचा तिथला जुना फोन नंबर दिल्याने ओटीपी भलतीकडेच जाऊन खातं कुलूपबंद झाल्याची उदाहरणं आपल्याकडे आहेत. बोर्डिंग पास घरी आल्यावर टाकून देऊ नका. पॉइंट जमा झाले नाहीत तर तोच पुरावा, आणि मागणी करायची मुदत काही महिन्यांचीच असते.

पॉइंटांना वयही असतं. स्कायवर्ड्स आणि क्रिसफ्लायरचे साधारण तीन वर्षांनी संपतात. युनायटेडने 2019 पासून मुदतच काढून टाकली. दोन-तीन वर्षांतून एकदा जाणाऱ्या आईवडिलांसाठी हा फरक मोठा आहे. एमिरेट्समध्ये कुटुंबातल्या आठ जणांपर्यंतचे मैल एकत्र करता येतात, इतरही काही कंपन्यांत अशी सोय आहे. ती आजच करून ठेवा. क्रेडिट कार्डाचे पॉइंटही विमान कंपनीकडे वळवता येतात, पण एकदा वळवले की सहसा परत येत नाहीत, म्हणून जागा नक्की झाल्यावरच वळवा. आणि "तुमचे पॉइंट आज रात्री संपणार, ओटीपी सांगा" असा फोन आला तर तो ठेवून द्या. तो फोन कंपनीचा नसतो.

पॉइंट एकालाच पुरत असतील तर? हा प्रश्न आपल्याकडे हिशेबाचा कमी आणि घरातला जास्त. गेल्या वर्षी एका काकांनी गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेमुळे काकूंना पुढे पाठवलं. काकू पुढे एकट्या. सीटची पलंगासारखी गादी करायचं बटण सापडेना, विचारायचा संकोच, शिवाय खास मागवलेलं शाकाहारी जेवण मागेच, जुन्या सीटच्या नावावर. अर्ध्या वाटेत काकांनी पिशवीतले ठेपले पुढे पाठवले. परतीच्या वेळी दोघं मागे शेजारी-शेजारी बसून आले आणि काकू म्हणतात, तेच बरं होतं. तेव्हा वर्ग वाढला की जेवणाची, सीट नंबरची आणि बॅगेच्या वजनाची पुन्हा खात्री करून घ्यावी. वजन मूळ तिकिटाप्रमाणे की नव्या वर्गाप्रमाणे, याचे नियम सगळीकडे सारखे नाहीत. व्हीलचेअर मात्र कुठल्याही वर्गात मिळते, त्यासाठी अपग्रेड लागत नाही.

पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती घालून महाग सीट घ्यायला लावणारेही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक एका जागी बसून केलेल्या प्रवासाने हा धोका साधारण दुप्पट होतो, तरी तो सुमारे 6,000 त एक एवढाच असतो. बस आणि रेल्वेलाही हेच लागू. मागे बसलात तर आतल्या बाजूची, रस्त्यालगतची सीट घ्या आणि दर तासा-दीड तासाने उठून चार पावलं टाका. आधीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच निघा.

यंदा उन्हाळ्यात जाणाऱ्या सभासदांनी तिकीट काढण्याआधी पासपोर्ट, सगळ्या खात्यांचे क्रमांक आणि जुने बोर्डिंग पास घेऊन संध्याकाळी कार्यालयात यावं. मुलांना तेव्हाच व्हिडिओ कॉलवर घेऊ. अमेरिकेत त्या वेळी सकाळ असते, त्यांना ऑफिसला जायच्या आत गाठता येतं.