कमी दाबाचा हिशेब आणि आवृत्तीचा आकडा

उन्हाळा तापू लागला की ठाणे व कल्याण-डोंबिवली येथील महापालिकांच्या निवेदनांतून 'कमी दाबाने पाणीपुरवठा होईल' हे वाक्य प्रसिद्ध होते, आणि ते वाचून लोक पिंपे भरून ठेवण्याच्या तजविजीला लागतात. परंतु हा दाब कोणत्या वस्तीत किती उतरेल, याचा हिशेब कोणाला तरी बसून करावा लागतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. उल्हास नदीचे पाणी मोहिलीसारख्या जलशुद्धीकरण केंद्रांत शुद्ध करून उंच जलकुंभांत चढवायचे, तेथून ते असंख्य फाट्यांनी घरोघर न्यायचे, आणि 2015 साली कल्याण-डोंबिवलीच्या हद्दीत आलेल्या 27 गावांसारख्या शेवटच्या टोकांपर्यंत त्यात जोर शिल्लक ठेवायचा, हे काम केवळ अनुभवी व्हॉल्व्हमनच्या अंदाजावर सोपवून भागत नाही.

हा हिशेब करणाऱ्या आज्ञावलींत जगभर सर्वाधिक रूढ असलेली आज्ञावली म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतील लुईस रॉसमन यांनी रचलेली एपानेट. ती 1993 साली प्रथम प्रसिद्ध झाली, 2000 साली तिची दुसरी आवृत्ती निघाली, आणि 2020 साली 2.2 ही आवृत्ती आली. ती विनामूल्य आहे. नळांची लांबी, व्यास, जुनेपणामुळे आलेला खडबडीतपणा, टाक्यांची उंची आणि ठिकठिकाणची मागणी एवढे तिला सांगितले, म्हणजे कोणत्या नळातून किती पाणी वाहील व कोठे किती दाब राहील, हे ती जमिनीत एक फावडेही न मारता काढून देते. अभियंते यालाच सिम्युलेशन म्हणतात.

जुन्या आवृत्तीत मात्र एक गृहीतक असे होते की, ते आपल्या नगरांना लागू करताना हसू यावे. प्रत्येक वस्ती आपल्या वाट्याचे पाणी पूर्णपणे उचलतेच, असे ती धरून चाले. मग पाणी अपुरे असले तर मागणी कमी न करता ती दाबच शून्याखाली नेऊन ठेवी, आणि एक इशारा छापून मोकळी होई. गणित बिनचूक असे. पण ज्याच्या नळाला हवेचा नुसता फुसकारा येतो, त्याने पूर्ण पाणी घेतले असे कागदावर नोंदले जाई. 2.2 आवृत्तीत दाबानुसार पुरवठा मोजण्याची सोय झाली. समजा, दुमजली घरासाठी आपल्याकडील 1999 सालच्या शासकीय नियमपुस्तिकेप्रमाणे 12 मीटर दाब आवश्यक आहे आणि प्रत्यक्षात 3 मीटरच मिळतो. तर या नव्या सूत्राने, किमान दाब शून्य धरल्यास, एकचतुर्थांशाचे वर्गमूळ म्हणजे निम्मेच पाणी त्या घराला पोहोचते. डोंबिवलीकराला हे उत्तर अधिक ओळखीचे वाटेल. पण ही सोय आपोआप लागू होत नाही. फाइलीत तशी ओळ लिहावी लागते, आणि ती ओळ जुन्या आवृत्तीला कळत नाही.

आता या हिशेबाला ब्राउझरमध्ये आणण्याचा प्रश्न. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत निखिल हुडा व ओम दमाणी यांनी 'जलतंत्र' नावाची जी प्रणाली घडविली, तिच्यात ग्रामीण नळयोजनेचा तपशील संकेतस्थळावर भरला असता कमीत कमी खर्चात कोणत्या व्यासाचे नळ घालावेत हे निघते, आणि तो आराखडा एपानेटच्या फाइलीच्या रूपाने उतरवून घेता येतो. फाइल देण्या-घेण्याचा हा संबंध सर्वांत सौम्य. तरीही त्या फाइलीत आवृत्तीची नोंद ठेवण्याचा रिवाज नाही. ती उघडणाऱ्याच्या टेबलावर जी आवृत्ती असेल, तिच्याच रीतीने ती वाचली जाणार.

याहून घनिष्ठ संबंध जोडायचा, म्हणजे वेब ॲप्लिकेशननेच सर्व्हरवर एपानेटला हाक मारून उत्तर पडद्यावर दाखवायचे झाले, की खरी कसोटी लागते. जुन्या आवृत्तीची रचना एका वेळी एकच जलजाल स्मरणात ठेवण्यापुरती होती. टेबलावरच्या एकट्या अभियंत्याला तेवढे पुरेसे असे. पण एकाच प्रक्रियेत ठाण्याची आणि कल्याणची फाइल एकदम उघडली, तर एकाचे नळ दुसऱ्याच्या खाती पडण्याची भीती. 2.2 मध्ये प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र ओळख मिळाली. मात्र तिच्या नव्या आज्ञा आकडे आठ बाइटांत देतात, जुन्या चार बाइटांत देत असत. जुन्या बेताने लिहिलेला दुवा नव्या आज्ञेला जोडला, तर कोणतीही तक्रार न करता तो भलतेच आकडे वाचून दाखवू शकतो. थांबलेल्या यंत्राची दुरुस्ती होते. आत्मविश्वासाने चुकणाऱ्या यंत्राचा आकडा थेट इस्टिमेटमध्ये जाऊन बसतो, आणि एकदा मंजुरी मिळाली की त्याला हात लावण्यास कोणी धजत नाही.

म्हणून 'सदैव नवीनतम आवृत्ती वापरा' हा या धंद्यातील लाडका उपदेश येथे मला बेजबाबदार वाटतो. दोन्ही आवृत्त्या सर्व्हरवर अलग कप्प्यांत ठेवाव्यात, कोणत्या योजनेचा हिशेब कोणीकडे जाईल हे आरंभीच मुक्रर करावे, आणि प्रत्येक अहवालावर आवृत्तीचा आकडा छापावा. तारीख नसलेला सातबारा कचेरीत जितका ग्राह्य, तितकाच आवृत्ती नसलेला दाबाचा तक्ता. आकडा मिळवणे कठीण नाही: आज्ञावलीलाच तिची आवृत्ती विचारता येते, आणि 2.00.12 असेल तर ती 20012 सांगते, 2.2 असेल तर 20200. एपानेटसोबत नऊ जोडबिंदू व बारा नळांचे एक छोटे नमुना-जाल येते. कोणताही बदल करण्यापूर्वी व नंतर ते चालवून आकडे ताडून पाहण्यास फारसा वेळ लागत नाही. नळाला थेट मोटर लावून शेजाऱ्याचे पाणी ओढणाऱ्या इमारतींचा हिशेब मात्र कोणतीही आवृत्ती आपण होऊन करीत नाही; त्या मोटरी शोधून फाइलीत घालण्याचे काम पाणीखात्याच्या माणसालाच उन्हातून फिरून करावे लागते.