घरगुती मत्स्यटाकी : मासे किती, खाद्य किती?

काशीच्या घाटांवर स्नान आटोपल्यावर कणकेच्या गोळ्या करून गंगेतील माशांना घालण्याची रीत जुनी आहे. रामघाट व पंचगंगा घाट यांच्या दरम्यान पेशव्यांच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या बालाजी घाटाच्या पायऱ्यांवरही हेच पुण्यकर्म चालते. पायरीवरून टाकलेल्या गोळीचा काही भाग मासे खातात, उरलेला प्रवाहाबरोबर पुढे जातो आणि असंख्य जीवांत वाटला जातो. हीच सवय घरातील काचेच्या टाकीपाशी आली, की मासे दगावू लागतात. टाकीला प्रवाह नसतो. तिच्यात जे पडते ते तिच्यातच राहते. नव्याने मासे पाळणाऱ्याने सर्वप्रथम ध्यानात घ्यावयाची गोष्ट हीच होय.

गंगेच्या खोऱ्यातील पाहुणे

शोभिवंत माशांच्या दुकानात मिळणाऱ्या अनेक जाती परदेशी असल्या, तरी नवशिक्यास सोयीच्या काही जाती गंगेच्या खोऱ्यातील आहेत. अंगावर निळसर पट्टे असलेला झेब्रा मासा, लालसर छटेचा रोझी बार्ब, मधाच्या रंगाचा हनी गोरामी आणि रंगीत पट्ट्यांचा ड्वार्फ गोरामी या चारही जातींचे शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगा व तिच्या शाखांतील माशांवरील ग्रंथात १८२२ मध्ये केले. त्यांपैकी झेब्रा मासा आज जगभरातील प्रयोगशाळांत आनुवंशशास्त्राच्या अभ्यासासाठी वापरला जातो. काटक, समूहाने राहणारा आणि तापमानातील मध्यम बदल सोसणारा असल्यामुळे तो पहिल्या टाकीसाठीही उत्तम ठरतो.

टाकी व पाण्याची पूर्वतयारी

प्रारंभासाठी ६० सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद व ३० सें.मी. उंच टाकी योग्य होय. तिची क्षमता ५४ लिटर असली, तरी वाळू, वनस्पती व वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे ४५ लिटर पाणी राहते. गोल काचेचे लहान भांडे स्वस्त व आकर्षक दिसते. परंतु त्यातील थोडे पाणी लवकर बिघडते आणि लवकर तापते. टाकी भक्कम व सपाट आधारावर, थेट उन्हापासून दूर ठेवावी.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना घातक असतो. ते पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवावे किंवा बाजारात मिळणारे क्लोरीननाशक द्रावण वापरावे.

माशांची विष्ठा, कल्ल्यांवाटे होणारे उत्सर्जन आणि कुजणारे खाद्य यांतून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजवर व वाळूवर वाढणारे उपकारक जिवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारी असते. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते आणि पाणी बदलून कमी करता येते. हे जिवाणू स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकी बिनमाशांची ठेवून फिल्टर अखंड चालू ठेवावा व जिवाणूंना अन्न मिळावे म्हणून रोज चिमूटभर मत्स्यखाद्य टाकावे. निरोगी जुन्या टाकीतील स्पंजचा तुकडा मिळाल्यास हा काळ कमी होतो. चाचणी संचाने पाहता अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आढळल्यावरच मासे आणावेत.

मासे किती?

४५ लिटर पाण्यात आठ झेब्रा मासे व हनी गोरामीची एक जोडी पुरेशी आहे. झेब्रा मासा एकटा किंवा जोडीने ठेवल्यास बावरतो अथवा इतरांच्या मागे लागतो. त्याची संख्या किमान सहा असावी. गोरामी पृष्ठभागावर येऊन हवेतूनही श्वास घेतो. म्हणून पाणी काठोकाठ भरू नये आणि झाकण ठेवावे. झेब्रा मासे उडी मारून बाहेर पडण्याचा धोकाही त्यामुळे टळतो. रोझी बार्ब दुकानात लहान दिसला, तरी तो बराच मोठा होतो. लहान टाकीसाठी तो निवडू नये. कूपनलिकेचे पाणी फार जड असल्यास गोरामीऐवजी जड पाणी मानवणारे गप्पी मासे घ्यावेत. ते झपाट्याने वाढत असल्यामुळे केवळ नर ठेवणे सोयीचे असते.

सर्व मासे एकाच दिवशी सोडू नयेत. प्रथम चार झेब्रा, आठ-दहा दिवसांनी आणखी चार आणि शेवटी गोरामी असा क्रम ठेवल्यास जिवाणूंची संख्या वाढत्या भारास अनुसरून वाढते. आणलेली पिशवी १५ ते २० मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, तिच्यात थोडे थोडे टाकीचे पाणी मिसळावे आणि मासे जाळीने टाकीत घ्यावेत. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये.

खाद्य किती?

पूर्ण वाढलेल्या झेब्रा माशाचे वजन जेमतेम अर्धा ग्रॅम असते. आठ माशांचे मिळून झाले चार ग्रॅम. वजनाच्या तीन टक्के खाद्य धरल्यास आठही माशांना दिवसाकाठी सुमारे ०.१२ ग्रॅम पुरते. लहान बोराएवढी कणकेची गोळीच चार ग्रॅम भरते. म्हणजे ती एकटी सर्व झेब्रा माशांच्या वजनाइतकी आणि त्यांच्या महिनाभराच्या खाद्याइतकी जड असते. शिवाय कणीक, पाव व बिस्किटे पाण्यात विरघळून ते गढूळ करतात. त्यांवर वाढणारे जिवाणू पाण्यातील प्राणवायू संपवतात.

तयार बारीक दाणेदार किंवा पापुद्र्यासारखे खाद्य सकाळी व सायंकाळी, दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. गोरामी संथपणे खातो. चपळ झेब्रा मासे त्याचा वाटा पळवतात. यासाठी खाद्य टाकीच्या दोन टोकांना टाकावे. आठवड्यातून एक-दोनदा डाफ्निया किंवा आर्टेमिया दिल्यास आहार समतोल राहतो. एक दिवस उपवास घडल्यास निरोगी प्रौढ माशांना अपाय होत नाही. घरात खाद्य घालण्याचे काम एकाच व्यक्तीकडे असावे. प्रत्येकाने प्रेमाने घातलेली चिमूट मिळून टाकीच्या नाशाचे कारण होते.

दर आठवड्यास २० ते २५ टक्के पाणी बदलावे. स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्यावा. अन्यथा जिवाणू नष्ट होतात. सारे मासे वर येऊन धापा टाकू लागल्यास खाद्य तत्काळ थांबवावे, एक तृतीयांश पाणी बदलावे व हवेचा पंप चालू करावा.

ऋतुमानाचा विचार

२० अंश सेल्सियस तापमानाचे पाणी हवेतून लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू सामावू शकते. ३० अंशांना हे प्रमाण साडेसात मिलिग्रॅमवर येते. वाराणसी किंवा विदर्भातील उन्हाळ्यात म्हणूनच माशांची संख्या कमी आणि हवेचा पंप चालू असणे हिताचे. हिवाळ्यात माशांची भूक मंदावते, तेव्हा खाद्य निम्म्यावर आणावे व गोरामीसाठी हीटर लावून पाणी २४ अंशांच्या आसपास ठेवावे.

नको झालेले मासे

टाकी बंद करावी लागल्यास मासे नदीत सोडणे हे पुण्य नव्हे. काच स्वच्छ ठेवतो म्हणून लहानपणी विकत घेतला जाणारा दक्षिण अमेरिकेतील सकर मासा हातभराहून लांब वाढतो आणि मग टाकीत मावत नाही. २०२० मध्ये तो वाराणसीलगत रामनगर येथे गंगेत आढळल्याची नोंद झाली. महाराष्ट्रात उजनी जलाशयातील मच्छीमारांनाही त्याचा उपद्रव जाणवला आहे. त्याच्या कठीण, काटेरी कवचाने जाळी फाटतात आणि स्थानिक माशांच्या अन्नात व जागेत तो वाटेकरी होतो. नको असलेले मासे दुकानदारास परत द्यावेत किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याच्या स्वाधीन करावेत. गंगेच्या खोऱ्यातील जात असली, तरी टाकीतील रोगजंतू सोबत जात असल्याने तीही नदीत सोडू नये.

बालाजी घाटाच्या पायरीवर उभ्या असलेल्या भाविकाला उरलेल्या गोळीची काळजी करावी लागत नाही. ती नदी वाहते. घरातील टाकीत नदीचे ते काम आठवड्याच्या बादलीभर पाण्याला, जिवंत स्पंजला आणि आखडत्या हाताला करावे लागते.