चाचणी, कसोटी आणि पारख : नव्या अग्निबाणाच्या निमित्ताने

वसईच्या पाचूबंदरावर नवी होडी पाण्यात उतरते त्या दिवशी पूजा होते, नारळ फुटतो. परंतु होडीची परीक्षा त्या दिवशी संपत नाही, वस्तुतः तेथून ती सुरू होते. कोठे पाणी झिरपले तर ओहोटीला होडी वाळूवर टेकवून फळ्यांच्या सांधी पुन्हा भरता येतात. सुकाणू जड वाटले तर सुधारता येते. ‘करून पाहणे’ आणि ‘वापरणे’ यांमध्ये नाखव्याच्या लेखी पक्की सीमारेषा नसते. आपल्या देशाच्या अग्निबाणांना ही सवलत नाही. ते एकदाच निघतात. म्हणून जे करून पाहावयाचे ते उड्डाणापूर्वी, जमिनीवर आणि बहुतांशी सुट्या भागांवरच करून पाहावे लागते.

या साऱ्या उद्योगाला आपली वृत्तपत्रे सरसकट ‘चाचणी’ म्हणतात. शब्द सोपा आहे, रूढ आहे. त्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती एकाच शब्दाखाली निरनिराळे प्रश्न दडून राहतात याविषयी. एलव्हीएम-३ या प्रक्षेपकाचा, म्हणजे पूर्वीच्या जीएसएलव्ही मार्क-३ चा, इतिहास पाहिला म्हणजे हा मुद्दा ध्यानात येईल. या प्रक्षेपकाच्या इंजिनांचे काम विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात होते आणि बूस्टरच्या कवचाचे खंड वालचंदनगरला घडतात; तेव्हा विषय आपल्या अंगणापासून फार दूरचा नाही.

पहिला प्रश्न असा की, हा आराखडा मुळात चालतो काय? घन इंधनाचा एस-२०० बूस्टर २४ जानेवारी २०१० रोजी श्रीहरिकोटा येथे जमिनीला जखडून पेटविण्यात आला. तो १३० सेकंद जळला व त्याचा कमाल रेटा सुमारे ५०० टन भरला. त्याच वर्षी ५ मार्चला महेंद्रगिरी येथे द्रव इंधनाचा एल-११० टप्पा २०० सेकंद चालवावयाचा होता. नियंत्रणप्रणालीत गळती आढळल्याने तो १५० व्या सेकंदास थांबवावा लागला. याला ‘चाचणी फसली’ म्हणावे काय? माझ्या मते म्हणू नये. गळती जमिनीवर सापडावी म्हणूनच तर हा खटाटोप असतो. ८ सप्टेंबरला तोच टप्पा पूर्ण वेळ चालला.

दुसरा प्रश्न शिलकीचा. उड्डाणात जेवढा ताण, कंप व उष्णता अपेक्षित आहे त्याहून अधिक सोसण्याची शक्ती आराखड्यात आहे काय? यासाठी उड्डाणाच्या नगासारखाच एक नग बनवून त्याला मुद्दाम अधिक छळतात. असा नग सामान्यतः उडवीत नाहीत. त्याचे आयुष्य उत्तर देण्यात खर्ची पडलेले असते.

तिसरा प्रश्न अगदी निराळा आहे : आराखडा उत्तम असेल, पण हा समोरचा नग त्याबरहुकूम उतरला आहे काय? येथे छळ चालत नाही, कारण हाच नग उडावयाचा आहे. १७ फेब्रुवारी २०१७ रोजी सी-२५ हा अतिशीत टप्पा ६४० सेकंद चालविला गेला. उलट, मार्च २०२३ च्या उड्डाणासाठी निवडलेले सीई-२० इंजिन २८ ऑक्टोबर २०२२ रोजी केवळ २५ सेकंद चालविण्यात आले. दोन्ही बातम्यांत शब्द एकच, ‘चाचणी’. तो वाचून दुसरी परीक्षा उरकून टाकल्यासारखी वाटण्याचा संभव आहे. वास्तविक ती दुसऱ्या प्रश्नाची नव्हे, तिसऱ्याची परीक्षा होती आणि त्या प्रश्नाला २५ सेकंद पुरतात. घन इंधनाच्या बूस्टरबाबत तर तेवढेही शक्य नाही. फटाका उडतो की नाही हे उडवून पाहिल्यास हाती राख उरते! तेथे क्ष-किरणांनी व ध्वनिलहरींनी आतील भेगा शोधून निर्णय घ्यावा लागतो.

मराठीत या भेदांसाठी शब्द नाहीत असे नाही. पहिल्या प्रकाराला ‘चाचणी’ राहू द्यावे. दुसऱ्याला ‘कसोटी’ म्हणावे. संस्कृत ‘कषपट्टिके’पासून आलेल्या या शब्दात घासून पाहण्याची कल्पना आहेच. तिसऱ्याला ‘पारख’, कारण पारख होते ती हातातील नाण्याची, नाण्यांच्या जातीची नव्हे. कसोटीवरही सोन्याचा एकेक डागच घासतात, असा आक्षेप येईल. तो मला मान्य आहे, पण ‘कसोटीला उतरणे’ या प्रयोगाने शब्दाचा अर्थ केव्हाच पुढे गेला आहे.

तथापि काही गोष्टी जमिनीवर विचारताच येत नाहीत. हवेचा मारा आणि बूस्टरचे विलग होणे ही उड्डाणातच कळतात. म्हणून १८ डिसेंबर २०१४ रोजी वरचा टप्पा निष्क्रिय ठेवून, त्याच्या टाक्यांत वजनापुरता द्रव नायट्रोजन भरून, प्रक्षेपक उडविण्यात आला. पुढे बूस्टरची टोके व उपग्रहावरील आवरण यांचे आकार बदलले. ५ जून २०१७ रोजी ३,१३६ किलो वजनाचा जीसॅट-१९ घेऊन जो निघाला, तो अशा रीतीने पुन्हा काहीसा नवाच होता.

उरते ती शेवटची तयारी. इंधन भरून, उलटगणती चालवून, प्रज्वलनाच्या अलीकडे थांबावयाचे, या प्रकाराला नाटकवाल्यांची ‘रंगीत तालीम’ चपखल बसते. येथे परीक्षा अग्निबाणाइतकीच माणसांची आणि नळ-झडपांची असते. अमेरिकेच्या आर्टेमिस-१ ची अशी तालीम एप्रिल ते जून २०२२ मध्ये चार वेळा करावी लागली. हायड्रोजनची गळती पुनःपुन्हा आडवी आली. आपल्याकडे १९ ऑगस्ट २०१३ रोजी जीएसएलव्ही-डी५ ची तालीम नव्हे, प्रत्यक्ष उलटगणती चालू असता, उड्डाणास ७४ मिनिटे उरली तेव्हा दुसऱ्या टप्प्यातून इंधन गळताना दिसले. उड्डाण रद्द झाले. टाकीची मिश्रधातू बदलून नवा टप्पा बसविण्यात आला आणि तो प्रक्षेपक ५ जानेवारी २०१४ रोजी उडाला.