साइट डोळ्यापाशी यायला हवी

पनवेलमध्ये सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत, दहा मीटर एअर रायफलच्या पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवले. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली अवनी लेखरा हिने टोकियो पॅरालिम्पिकचे सुवर्ण जिंकले. दहा मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. एवढ्या बारीक कामात सगळ्यांचे लक्ष नळीकडे आणि छऱ्याकडे जाते. माझ्या मते पहिला विचार साइट, म्हणजे नेम धरायचे साधन, कुठे बसवली याचा व्हावा, आणि ती जागा नेमबाजाच्या शरीराने ठरवावी.

डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल चीकपीसवर, म्हणजे गालाच्या टेकूवर, सैल टेकवावा आणि मग डोळा उघडावा. मागच्या छिद्रात पुढचे वर्तुळ मधोमध दिसले तर साइट योग्य जागी आहे. तसे दिसले नाही, तर साइट पुढे-मागे सरकवावी, चीकपीस वर-खाली करावा. मान ताणू नये. ताणलेली मान थकते आणि थकलेली मान प्रत्येक गोळीला वेगळ्या जागी टेकते. दुर्बीण बसवतानाही हाच नियम. डोळ्यापासूनचे अंतर चुकले की कडेने काळी सावली येते. डोळा मध्यावरून हलला की दुर्बिणीतली फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी भासते. फुलीची उभी रेघ तिरकी बसली, तर उंचीचा स्क्रू फिरवताना गोळी बाजूलाही जाते.

ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत दुर्बिणीला परवानगी नाही, मग तिचा विचार कशाला, असे कोणी विचारेल. नियमाने दुर्बीण काढून घेतली, डोळा आणि मान तेच राहिले. उलट, लक्ष्य मोठे करून दाखवणारी काच नसल्याने डोळा नेमका मध्यावर येण्याचे मोल वाढते. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे : क्लबची रायफल अनेक हातांत फिरते, प्रत्येकासाठी साइट कुठवर सरकवायची? त्यावर उपाय स्वस्त आहे. पट्टीने अंतर मोजून प्रत्येकाने आपले आकडे वहीत लिहावेत आणि सरावाआधी तसे जुळवून घ्यावे. वाढत्या वयाच्या मुलांचे आकडे दर काही महिन्यांनी पुन्हा तपासावेत.

पालकांनो, महागडी रायफल घेण्याआधी मुलाच्या वहीत हे आकडे आहेत का, ते पाहा.