दवंडी कुठवर पिटायची?

पर्लकोटा नदी फुगली की पूल पाण्याखाली जातो आणि भामरागडचा रस्ता तुटतो. गडचिरोलीने असे कितीतरी पावसाळे पाहिले आहेत. ही बातमी कोणाला हवी असते? अहेरी आगाराच्या एसटी चालकाला हवी. भामरागडहून हेमलकशाच्या दवाखान्यात रुग्ण नेणाऱ्यांना तर ती तत्काळ हवी. पण जिल्ह्याच्या उत्तर टोकाला कोरचीत बसलेल्या माणसाला ती त्या घटकेला कळली नाही, तर त्याचे काही अडत नाही. ‘दक्षिणेला जायचे तर आधी गडचिरोली गाठा’ एवढे त्याला पुरते.

संगणकांची मोठी जाळी उभारणाऱ्यांसमोर नेमका हाच प्रश्न असतो. जाळ्यातल्या प्रत्येक नाक्यावर राउटर नावाचे यंत्र असते आणि आलेली माहिती कोणत्या वाटेने पुढे धाडायची, हे ते ठरवते. त्यासाठी राउटरांनी आपसांत बोलण्याची जी रीत जगभर वापरली जाते, तिचे नाव ‘ओपन शॉर्टेस्ट पाथ फर्स्ट’, म्हणजेच ओएसपीएफ. तिचा पहिला मसुदा १९८९चा, तर आज प्रमाण मानली जाणारी दुसरी आवृत्ती जॉन मॉय यांनी १९९८मध्ये शब्दबद्ध केली.

या रीतीत प्रत्येक राउटर आपल्या वाटांची दवंडी पिटतो: ‘माझ्यापासून अमुक शेजाऱ्यापर्यंत वाट आहे, तिचा खर्च इतका.’ शेजारी ती ऐकून पुढच्यांना सांगतात आणि थोड्याच वेळात सगळ्यांच्या हाती एकसारखा नकाशा येतो. मग एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५९मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने जो तो स्वतःपासूनची सर्वांत स्वस्त वाट काढतो.

अडचण दवंडीच्या संख्येची आहे. काहीही बदललेले नसले, तरी प्रत्येक राउटर दर ३० मिनिटांनी आपली दवंडी पुन्हा पिटतो. ६० मिनिटे जुनी झालेली नोंद बाद होते. समजा, जाळ्यात बाहेरच्या पत्त्यांच्या १०,००० नोंदी आहेत. प्रत्येक नोंद ३६ बाइटची धरली, तर अर्ध्या तासात ३,६०,००० बाइट, म्हणजे सेकंदाला सरासरी १,६०० बिट लागतात. शहरातल्या जाड ऑप्टिकल फायबरला त्याचे काहीच वाटत नाही. पण सेकंदाला ६४,००० बिटांच्या उपग्रह जोडणीत अडीच टक्के जागा या जुन्याच बातम्या अडवतात. त्याहून वाईट म्हणजे वारंवार तुटणारी आणि जुळणारी तार. दर वेळी दोन्ही टोकांचे राउटर नवी दवंडी पिटतात आणि ती ऐकणारा प्रत्येक राउटर नकाशाचे गणित पुन्हा मांडतो.

दवंडी बेलगाम झाली तर काय होते, हे २७ ऑक्टोबर १९८०ला दिसले. इंटरनेटचा पूर्वज असलेले अर्पानेट त्या दिवशी काही तास बंद पडले. यंत्रातल्या दोषामुळे एकाच राउटरच्या संदेशाच्या ८, ४० आणि ४४ अशा क्रमांकांच्या तीन प्रती झाल्या. क्रमांक ६४ला फिरून शून्यावर येत असल्याने ४०पेक्षा ४४ नवा, ८पेक्षा ४० नवा आणि ४४पेक्षा पुन्हा ८ नवा, असा घोळ झाला. प्रत्येक प्रत ‘ताजी’ ठरून फिरत राहिली आणि राउटरांना दुसरे काम करायला उसंत उरली नाही.

पुढच्या रचनांनी त्यातून धडा घेतला. ओएसपीएफमध्ये क्रमांकांचे असे चक्र नाही. एकाच नोंदीची नवी प्रत पाच सेकंदांच्या आत काढता येत नाही. एकाच सामाईक जाळ्यावर दहा राउटर असतील, तर जोड्या होतात ४५. त्याऐवजी एक म्होरक्या आणि एक राखीव म्होरक्या नेमला की सतरा जोड्यांत काम भागते.

सर्वांत मोलाचा उपाय मात्र विभागणीचा. कारभार आवाक्यात राहावा म्हणून जिल्ह्याचे तालुके असतात. तसे मोठे जाळे क्षेत्रांत वाटतात आणि मधल्या कणा-क्षेत्राने ती क्षेत्रे जोडतात. एका क्षेत्रातल्या तारांचा तपशील त्याच क्षेत्रात राहतो, वेशीबाहेर फक्त सारांश जातो. पत्ते सलग दिले असतील, तर चाळीस ओळींच्या जागी एक ओळ पुरते. बाहेर पडायला एकच दार असलेल्या क्षेत्राला तर जगाचा नकाशाच नको. ‘बाहेरचे सगळे या दारातून’ एवढी एक सूचना बस झाली. रस्त्यांच्या भाषेत बोलायचे, तर पर्लकोटेचा पूल हे भामरागडचे असेच दार.

दर अर्ध्या तासाची उजळणीही थांबवता येते. १९९५मध्ये नोंदीवर ‘हिचे वय मोजू नका’ अशी खूण करण्याची सोय झाली आणि २००५मध्ये तीच कल्पना स्थिर जाळ्यांसाठी मांडली गेली. बदल झाला तरच बोलायचे, एरवी गप्प राहायचे. याचीही किंमत आहे. उजळणीमुळे एखाद्या राउटरकडची बिघडलेली नोंद आपोआप दुरुस्त होते; उजळणी बंद केली की ते संरक्षण जाते. म्हणून अधूनमधून, लांब अंतराने ती करण्याची मुभा राखलेली आहे.

गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा, त्याचा बहुतांश भाग जंगलाचा. इथे बारीक तारेतून आरोग्य केंद्राचा एक्स-रे जायचा असतो, शाळेचा धडा यायचा असतो. त्यामुळे महानगरासाठी आखलेले जाळे जसेच्या तसे इथे आणून चालणार नाही. कोणत्या बातमीची वेस कुठे, हे इथल्या नद्या आणि अंतरे पाहून ठरवायला हवे.

मात्र दवंडी कितीही नेमकी केली, तरी ओएसपीएफ असलेल्या वाटांतूनच वाट निवडते. नसलेली वाट त्याला काढता येत नाही. एकुलती एक तार तुटली की सर्वांत हुशार राउटरही हतबल होतो. वाचवलेल्या प्रत्येक बिटाचे सार्थक व्हायचे, तर भामरागडपर्यंत दुसरी तार पोहोचली पाहिजे.